दही, फळं आणि बाईसाहेब

३ फेब्रुवारी

धाकट्याचा बोटीवरून फोन आला. इंजिनाच्या घरघराटात तो ओरडून बोलतो, मग मीही उगाच ओरडते, त्यामुळे अख्ख्या जिन्याला आमच्या घरची बित्तंबातमी असते. म्हणाला, "ताई, हिला दिवस गेलेत. जरा लक्ष ठेव." मी म्हटलं, लक्ष ठेवायला ती काय दुधाचं पातेलं आहे? तो हसला आणि फोन तुटला.

तुटल्यावर माझ्या ध्यानात आलं. ही बातमी मला समुद्रावरून कळली. भिंतीपलीकडच्या खोलीत राहणाऱ्या बाईने नाही सांगितली.

त्यांच्या लग्नाला तीन वर्षं झाली. त्यातला अर्धा काळ भाऊ बोटीवर, म्हणजे घरात आम्ही दोघीच, नणंद आणि भावजय. आमचं भांडण कधी झालं नाही. भांडायला आधी बोलावं लागतं. बाईसाहेब शाळेत गणित शिकवतात आणि घरातही नुसतं उत्तर सांगतात, मधल्या पायऱ्या नाहीत. "दूध संपलं." "मी झोपते." "पाऊस येणार." मी दुकानातून आठला येते, माझं ताट घेऊन माझ्या खोलीत जाते. दोघींचंही बरं चाललंय.

दुकानात एका चपलांच्या कंपनीने पाठवलेली ही डायरी पडून होती. कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, म्हणून घरी आणली.

९ फेब्रुवारी

बाईसाहेबांच्या पोटात काही ठरत नाही. भात रटरटायला लागला की मोरीकडे धावतात. टोस्ट भाजला तरी तेच. साबण नवा काढला तरी तेच.

आज मी आले आणि दारात चपला काढत होते, तर ही नाकाला रुमाल लावून आत निघून गेली. मला आधी रागच आला. मग कळलं, वास माझा येतो. दिवसभर नवं चामडं, रबर आणि सोल चिकटवायचं सोल्यूशन. वीस-बावीस वर्षं चपलांच्या दुकानात काढल्यावर तो वास कपड्यांत नाही, अंगातच मुरलेला असणार.

तर आता आल्या आल्या अंघोळ, मग घरात वावर. हे सगळं बाळासाठी, हे इथे लिहून ठेवते.

गेल्या वर्षीही दिवस गेले होते तिला. आईकडे राहायला गेली होती, आणि तिथेच चौथ्या महिन्यात सगळं संपलं. परत आली आणि मुलांच्या वह्या तपासायला बसली. मी विचारलं, चहा घेशील? ती म्हणाली, नको. त्या गोष्टीवर आम्ही तेवढंच बोललो.

१६ फेब्रुवारी

काल तिला भोवळ आली. मी दुकानातून धावत दवाखान्यात गेले. सलाइन लावलं. हाताची शीर सापडेना, नर्स टोचत होती आणि बाईसाहेब छताकडे बघत पाढे म्हणत होत्या. खरंच, सतराचा पाढा. मी तिचा दुसरा हात धरला होता. पडू नये म्हणून.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरम अन्नाचा वास उठतो, तो तिला सोसत नाही. गार, बिनवासाचं काही चालतंय का बघा. थोडं थोडं, पण सारखं. अंगातलं पाणी कमी होऊन चालणार नाही, विशेषतः गेल्या वेळेनंतर."

गेल्या वेळेनंतर, हे त्या हळू बोलल्या. पाढे थांबले.

१९ फेब्रुवारी

वेंधळेपणाचं फळ! द्राक्षं फ्रिजमध्ये ठेवायची ती मी घाईत वरच्या बर्फाच्या कप्प्यात कोंबली. संध्याकाळी बघते तर काचेच्या गोट्या. टाकायला निघाले होते, बाईसाहेब म्हणाल्या, "बघू."

एक तोंडात धरलं. बराच वेळ नुसतं गालात. मी मोरीच्या वाटेतली बादली आधीच बाजूला केली होती. पण ती उठली नाही. दुसरं घेतलं. मग वाटीच जवळ ओढली.

मी समोर बसून बघत राहिले. द्राक्षं खाणारी बाई इतका वेळ बघण्यासारखी असते, हे मला माहीत नव्हतं.

२५ फेब्रुवारी

नुसत्या द्राक्षांवर बाळ कसं वाढणार? दही हवं. बटर पेपरवर चमच्याने दह्याचे गोळे घातले, प्रत्येकात केळ्याची चकती खोचली आणि कप्प्यात ठेवलं. सकाळी निघाले ते गारगोट्या. मी स्वतः चावून पाहिला तर दाढेतून कळ गेली.

दह्यात पाणी फार. पाणी असलं की बर्फ होतो, बर्फ झाला की दगड. दुसऱ्या वेळी दही फडक्यात बांधून नळाला टांगलं, पाणी निथळू दिलं. उरलं ते लोण्यासारखं घट्ट. त्यात मध घातला, केळं कुस्करून घातलं. आता गोठूनही दात बसतो. बाईसाहेबांनी दोन खाल्ले. तिसऱ्याला नाक वाकडं केलं.

"काय झालं?"

"वितळायला लागलं की दह्याचा वास येतो."

झालं. घोडं परत अडलं.

२ मार्च

दुकानात कुणी पाहत नसलं की मी हाच विचार करते. आज एका गृहस्थांना बुटाचं पॉलिश दाखवताना सुचलं. वरून थर दिला की आतल्या चामड्याचा वास बाहेर येत नाही. मग दह्याच्या गोळ्याला चॉकलेटचा थर का नाही?

गृहस्थ म्हणाले, "बाई, माझा पाय सोडा."

येताना चॉकलेट आणलं. पातेल्यात पाणी, त्यावर भांडं, भांड्यात चॉकलेटचे तुकडे, वाफेवर वितळवायचं. वितळलंही छान, आरशासारखं. तेवढ्यात माझ्या ओल्या चमच्यातून पाण्याचा एक थेंब पडला आणि डोळ्यांदेखत त्या रेशमाची माती झाली. ढवळावं तितकं आवळत गेलं. कपाळावर हात मारला.

५ मार्च

जमलं!

सगळं कोरडं हवं, चमचा, भांडं, हात. चॉकलेटमध्ये चमचाभर खोबरेल घालायचं, म्हणजे ते पातळ राहतं आणि थर जाड बसत नाही. गोळे दगडासारखे गार असताना एकेक काट्यावर घ्यायचा, बुडवायचा, झटकायचा. चॉकलेट बाहेर येताक्षणी सुकतं, चकाकी जाऊन मऊ काळं होतं. ते बघताना मी एकटीच हसले.

अडचण एकच. वितळणाऱ्या चॉकलेटचा वास घरभर फिरतो. म्हणून हे सगळं सकाळी ती उठायच्या आधी, खिडक्या सताड उघड्या टाकून.

संध्याकाळी बाईसाहेबांनी पहिला घास घेतला तेव्हा कट्‌ असा आवाज झाला. मग डोळे मिटले. मी विचारलं, वास? तिने मान हलवली, नाही. चार खाल्ले. म्हणाली, "ताई, तुम्ही जेवलात का?"

तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, जेवेन. आणि माझं ताट तिथेच घेऊन बसले. खोलीत जाऊन परत येण्यापेक्षा ते सोपं पडतं. तिला अजून हवं असलं तर उठून द्यायला कुणीतरी पाहिजे ना.

२७ मार्च

आता मी मालकांना सांगून पाचला निघते आणि सकाळी लवकर जाऊन दुकान उघडते. मालक म्हणाले, "बाई, एवढ्या वर्षांत तुम्ही कधी घरी जायची घाई केली नाहीत." मी म्हटलं, घरी पेशंट आहे.

बाईसाहेब सकाळच्या शाळेत जाऊ लागल्या. सकाळी ठीक असते. बरोबर संध्याकाळी, मी आले की मळमळ सुरू. डॉक्टरीणबाई म्हणतात, प्रत्येकीचं वेगळं असतं.

आज स्ट्रॉबेरी दह्यात घोळवून गोठवली, मग चॉकलेट. चिरल्यावर आत लाल, मध्ये पांढरं, बाहेर काळं. ती चिरलेला तुकडा उजेडात धरून म्हणाली, "एककेंद्री वर्तुळं." मी म्हटलं, खा आता.

१८ एप्रिल

घरात उंदीर झाला असावा. सकाळी भात झाकून गेले होते, संध्याकाळी पातेलं निम्मं. उकडलेले बटाटेही कमी. उंदीर झाकण परत लावून जातो, हे मात्र नवल.

खाली पावाचं दुकान आहे, त्या बाई म्हणाल्या, "तुमची भावजय काल गरम पाव घेऊन गेली. एक तर जिन्यातच संपवला." मी म्हटलं, आमची नसेल, आमच्या बाईला पावाचा वाससुद्धा सहन होत नाही. त्या नुसत्या हसल्या. लोकांना दुसऱ्याच्या घरच्या आजाराची चेष्टा वाटते.

२ मे

तपासणी. वजन चांगलं वाढलंय. बाळ हलतंय. डॉक्टरीणबाई खूश, म्हणाल्या, "जेवण छान चाललंय तर!" मी म्हटलं, जेवण कसलं, सगळं दही आणि फळं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. बाईसाहेब खिडकीबाहेर बघत होत्या.

मला फार अभिमान वाटला. नुसत्या दह्यावर एवढी वाढ! बाहेर पडताना मी तिला जिन्यावर हात दिला, तो तिने रस्ता संपेपर्यंत सोडला नाही. पायरी नीट दिसत नसेल.

१९ मे

आता चॉकलेटचा वास चालतो तिला. म्हणून आम्ही संध्याकाळीच करतो, दोघी मिळून. ती संत्र्याच्या फोडी सोलते. पांढरा धागा एकही राहू देत नाही, गणितवाली ना. मी बुडवते. तिने फोडींची रांग लावली की पट्टीने आखल्यासारखी. मी मुद्दाम एखादी वाकडी ठेवते आणि ती न बोलता सरळ करते. चांगला खेळ आहे.

काम करताना बोलते. वर्गातल्या मुलांची नक्कल करते. एक मुलगा "बाई, शून्याला शून्याने भागलं तर कुणाच्या वाट्याला काय येतं" असं विचारून रडायला लागला म्हणे. मी इतकी हसले की चॉकलेटमध्ये पाणी पडता पडता वाचलं. डोळ्यांतलं.

धाकट्याला लहानपणी मी दात घासायला कशी लावायची, ते मी सांगितलं. त्याला बुटांच्या मोठ्या खोक्यात बसवून ओढत न्यायची. ती म्हणाली, "अजून तसंच न्यावं लागतं."

६ जून

एक गोष्ट लिहायची राहिली. काल मी आले आणि अंघोळीला निघाले होते, तर ही आतून आली, बाळाने जोरात लाथ मारली म्हणाली, आणि माझा हात ओढून पोटावर ठेवला. वर माझ्या खांद्याला डोकं टेकलं. मी दुकानाच्या कपड्यांत होते. सोल्यूशनचा डबाच सांडला होता त्या दिवशी अंगावर.

वास कसा नाही आला तिला?

लाथ मात्र जोरदार होती.

१५ जून

तिच्या आईचा फोन. पुढच्या आठवड्यात येणार आहेत, पोरीला बाळंतपणासाठी घेऊन जायला. फोनवर बाईसाहेब "हं, हं" एवढंच म्हणाल्या. ठेवल्यावर मला म्हणाल्या, "आई नेणार आहे."

मी म्हटलं, बरंच झालं. आईजवळ बरं असतं.

"हो," ती म्हणाली.

मग तिला मळमळायला लागलं. साहजिक आहे, आनंदाने होतं तसं.

मी बर्फाची पेटी शोधून काढली. प्रवासात गोळे वितळू नयेत म्हणून खाली बर्फ, वर फडकं, मध्ये डबा, असं मांडून पाहिलं. पेटी छान आहे. सगळं मावतं. मी सगळं परत बाहेर काढून ठेवलं. अजून आठवडा आहे.

२२ जून

तिच्या आई आल्या. मी त्यांना काकू म्हणते. उंच, शांत बाई, हाताला सारखं काम लागतं. आल्या आल्या त्यांनी आमचे पडदे धुतले.

संध्याकाळी आम्ही तिघी टेबलाशी बसलो. मी नेहमीप्रमाणे वाटी आणली. बाईसाहेब पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "मळमळतंय हो ताई, मला नुसतं हेच द्या."

काकू खळखळून हसल्या. "मळमळतंय? दुपारी दोनदा भात घेतलास, वर अंडं मागितलंस! शेजारणीने पाठवलेलं सूपही संपवलंस."

पोरीचे कान लाल झाले. मला भाताचं पातेलं आठवलं, बटाटे आठवले, पाववाल्या बाईंचं हसू आठवलं. तोंडात मारल्यासारखं झालं. अख्खा जिना जाणत होता आणि मी पहाटे उठून दही टांगत होते.

मी वाटी ठेवली आणि खोलीत आले. गणित येणाऱ्या माणसांनी आमच्यासारख्यांना एवढं मूर्ख बनवू नये. काकूंना तिला घेऊन जाऊ दे. मला माझी आठची वेळ परत मिळेल.

२३ जून

आज दुकानात मी एका बाईंना दोन्ही डाव्या पायाचे बूट दिले. त्या ते घालून आरशापर्यंत गेल्यासुद्धा.

दुपारी मी शिडीवर चढून वरची खोकी लावत होते. खालून आवाज आला, "माप घ्यायचंय."

पाहते तर ही! उन्हातून चालत आलेली, तोंड लालबुंद. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली होती आणि पाय पुढे केला होता. मी उतरले. म्हटलं, या दिवसांत एकटी कशाला आलीस? तर म्हणे, "सँडल घट्ट होतात. माप घ्या ना."

आता दुकानात गिऱ्हाईक आलं की बसावंच लागतं. मी तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसले, तिचा पाय मांडीवर घेतला. पट्ट्याचा वळ उठला होता. तो चोळत राहिले. वर पाहायचं नाही असं ठरवलं होतं.

ती म्हणाली, "मार्चच्या शेवटीच थांबली होती मळमळ."

"कळलं ते."

"थांबली असं सांगितलं असतं तर तुम्ही परत आठला येऊ लागला असता. ताट घेऊन खोलीत."

पट्टी माझ्या हातात होती. आकडे दिसेनात.

"मला एकटीला जेवायचा कंटाळा आला होता ताई. तीन वर्षं. मला वाटायचं, तुम्हाला मी नकोशी आहे."

"मला वाटायचं, तुला मी," मी म्हटलं.

मालक काउंटरवरून बघत होते. मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, तसे ते आत गोदामात गेले.

मग तिने खरं ते सांगितलं. अगदी हळू, आणि या वेळी सगळ्या पायऱ्या सांगितल्या. आईच्या घरी ती मागची खोली आहे. गेल्या वर्षी तिथेच झालं. आईने नंतर भिंतींना रंग दिला, पलंग फिरवून ठेवला, नवी चादर घातली. "पण खोली तीच आहे. मला तिथे झोपायचं नाही, ताई. आणि आईला हे कसं सांगू? तिला वाटेल, मी तिला दोष देते. दिवसरात्र जागली होती ती माझ्याजवळ."

तिच्या डोळ्यांतून टपाटप पाणी, नाक पुसायला रुमाल नाही. मी खोक्यातला तलम कागद काढून दिला, बुटात घालतात तो.

मला आयुष्यात कुणाकडे काही मागायची सवय नाही. आईबाबा गेल्यावर धाकट्याला वाढवलं, तेव्हाही नाही मागितलं. जिभेवर ओझं ठेवल्यासारखं झालं. मी म्हटलं, "राहा."

तिला ऐकू गेलं नाही. मी जरा मोठ्याने म्हटलं, "जाऊ नकोस. मला करमणार नाही."

गोदामात मालकांच्या हातून काहीतरी पडलं.

तिला एक नंबर मोठी सँडल दिली. दोघी घरी चालत आलो.

२४ जून

काकूंशी मीच बोलले. पोरीचं गुपित सांगायचं नव्हतं, म्हणून सगळं माझ्यावर घेतलं. म्हटलं, "काकू, हिला माझ्यासाठी ठेवा. मला एकटीने राहायची सवय उरली नाही. तुम्हीच इथे येऊन राहा. माझ्या खोलीत दुसरी कॉट घालू."

काकू फळं चिरत होत्या. सुरी थांबली.

"तिला त्या खोलीत यायचं नाही ना?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता येईना.

"मी रंग दिला हो," काकू म्हणाल्या. "वाटलं, रंग दिला की वेगळी दिसेल. मीसुद्धा जात नाही तिथे. दार लावूनच घेतलंय." आणि मग त्या रडल्या. पदराने नाही, पालथ्या हाताने डोळे पुसत, हातात सुरी तशीच धरून. मी आधी ती सुरी काढून घेतली आणि मग त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या रडण्यात निदान वर्षभराचं साचलेलं होतं.

पोरगी दारात येऊन उभी राहिली होती. आईच्या कुशीत शिरली, म्हणजे पोट आड येत होतं तेवढी शिरली. मी बाहेर निघाले, तर तिने माझ्या बाहीचं टोक धरून ठेवलं. मग तिथेच उभी राहिले. गॅसवर ठेवलेलं चॉकलेट पाणी आटून जळलं. कुणालाच वाईट वाटलं नाही.

११ जुलै

काकू घोरतात. आणि माझ्या दह्यात नाक खुपसतात. म्हणतात, मध जास्त होतो. परवा त्यांनी मला न विचारता पेरू बुडवला. पेरूच्या बिया गोठल्या की छऱ्यांसारख्या लागतात, हे मी आधीच सांगितलं होतं. खाताना तिघींचेही चेहरे वाकडे. तरी पोरीने आईसमोर एक आणि माझ्यासमोर एक, असे बरोबर सारखे खाल्ले. समान वाटणी.

मळमळीचं नाव आता कुणी काढत नाही. ती आमच्याबरोबर सगळं जेवते, आणि वर वाटी घेऊन बसते. मी विचारलं, आता कशाला? म्हणाली, "आता आवडतं म्हणून."

१८ सप्टेंबर

मुलगी झाली. काल दुपारी.

आदल्या संध्याकाळपासून कळा येत होत्या, पण ही काही बोलली नाही. काकूंनी आणि मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी एकीलाच आत येऊ दिलं. मी म्हटलं, काकू जा. काकू म्हणाल्या, तुम्ही जा. आम्ही दोघी दारात एकमेकींना ढकलत होतो, तेव्हा आतून आवाज आला, "कुणीतरी या हो!"

काकू गेल्या. आई ती आई. मी बाहेर बाकावर बसले. हात कुठे ठेवावेत कळेना. आतून पाढे ऐकू येत होते, सतराचा, मग एकोणिसाचा, मग पाढे सगळे चुकायला लागले. ती कधी चुकत नाही. मी बाकावरून उठून दाराला कान लावला आणि एकोणीस चोक शहात्तर, असं बाहेरून ओरडले. मला खुळी म्हणाले असतील. पण आतून तिने पुढचा म्हटला, ओरडून, "एकोणीस पाचा पंच्याण्णव!" मग मी पुढचा. मग ती. असं किती वेळ, देवाला ठाऊक.

मग दुसराच आवाज आला. बारीक, चिडलेला.

काकू बाहेर आल्या आणि माझ्या गळ्यात पडल्या.

आत गेले तर ती घामाने निथळत पडली होती, कुशीत गाठोडं. मला म्हणाली, "ताई, बघ ना."

बघ म्हणाली. बघा नाही.

मी बघितलं.

१० ऑक्टोबर

धाकटा आला. घर भरलंय. काकू परवा घरी गेल्या. जाताना सांगून गेल्या की ती खोली मोडून तिथे शिवणाची मशीन मांडणार आहेत.

आता नवराबायको आणि लेक, तिघं आहेत. त्यांचं त्यांचं काही असतं. म्हणून कालपासून मी माझं ताट खोलीत आणते. कुणी सांगितलं नाही, पण समजून घ्यायचं असतं. धाकटा म्हणाला, "ताई, इथे बस की." मी म्हटलं, डोकं दुखतंय.

आता स्वयंपाकघरात धाकटा चॉकलेट वितळवतोय. मला इथे ऐकू येतंय. बायकोला खूश करायचंय त्याला. दही निथळून घेतलंय का, कोण जाणे. आत्ता तो म्हणाला, "हे असं मातीसारखं का झालं?" पाणी पडलं असणार. मी जीभ चावून बसलेय. ती म्हणाली, "तू बाजूला हो. ताईचं काम आहे ते." तो म्हणाला, "मग बोलाव." ती म्हणाली, "बोलावून येणारी नाही ती."

पावलं आली. दार न वाजवता ती आत शिरली, केस मोकळे, खांद्यावर टॉवेल. माझ्या ताटाकडे पाहिलं. ताट उचललं, लेकीला माझ्या मांडीत टाकलं आणि म्हणाली, "धर. मी अंघोळीला चाललेय. तुझं ताट टेबलावर ठेवते. नवीन चॉकलेट फोडून ठेवलंय, ते तूच कर. आणि हिला घेऊन बाहेर ये, इथे हवा नाही."

आणि गेलीसुद्धा. उत्तर काढून झालेलं, मधल्या पायऱ्या नाहीत.

लेकीने माझ्या पेनाला मूठ घातली आहे. सोडत नाही. एका हाताने लिहिता येत नाही, आणि बाहेर दही वितळतंय. उठते आता.